आकसणीची सूट

शाहूपुरीत, जिन्याखालच्या दुकानात
पंखा एक, खुर्च्या दोन आणि शिकलगार मॅडम.
त्यांनी निळं कार्ड पुढं सरकवलं.
धोंडिराम सुतार, उठावाच्या इंग्रजी अक्षरांत.
मी अंगठा फिरवून बघितला: अक्षरांना उतार बरोबर दिलाय का.
पॅटर्नमेकरची खोड.
उतार नसला तर साच्यातनं काही सुटत नाही.

"आठशे युरो भरलेत. भाव इथंच ठरला.
आता रुपया पडो नाहीतर चढो, तुम्ही झोपा.
दुकानात कार्डच द्या. रोख लागलीच
तर बँकेच्या भिंतीतलं मशीन बघा,
स्टेशनाबाहेरचं पिवळं नको.
दर खेपेला दोन युरो कापतात,
तेव्हा चिमटी-चिमटीनं काढू नका.
विहिरीवर वाटी घेऊन जातं का कोण?
आणि एक. मशीन विचारंल, रुपयांत घेऊ का?
गोड विचारंल.
नाही म्हणायचं."

मी हसलो. रुपयाला नाही कोण म्हणतं?

ब्रेशिया. आमच्या शिरोलीसारखंच ओतकामाचं गाव,
जळक्या वाळूचा वास तेवढा वेगळा.
सहा आठवड्यांत मोल्डिंगचं नवं मशीन शिकायचं
आणि परत येऊन चार पोरांना शिकवायचं.
शालननं दिलेली चटणी आठवड्यातच तळाला लागली.

अकराव्या दिवशी रविवार. सगळं बंद.
सकाळपासून माझ्या तोंडातून शब्द गेला नव्हता.
चौकात उजेड होता तो पिवळ्या मशीनचा.
शंभर मागितले.
पडद्यावर त्यांची भाषा सरकली, इंग्रजी आली,
आणि त्याखाली, एकदम,
आपला ₹.
डोक्यावर दोन आडव्या रेघा, तिरका पाय टाकून उभा,
अनोळखी स्टँडवर कुणी
"काय धोंडबा, हिकडं कुठं?" म्हणावं तसा.

मी हो दाबलं.

खोलीवर येऊन बघतोय तर
हातात शंभर, कार्डावरनं गेले एकशे बारा.
ड्रॉइंगच्या मागच्या बाजूला मांडून काढलं:
दोन कार्डाचे, चार मशीनचे,
आणि सहा त्या एका प्रश्नाचे.
युरोचे रुपये केले, रुपयांचे पुन्हा युरो,
दोन्ही उड्यांत माझाच खिसा फाटला.

आमच्या धंद्यात एक पट्टी असते.
दिसायला साधी, पण तिचा इंच इंचाहून मोठा.
ओतीव धातू गार होताना आकसतो,
म्हणून लाकडात आधीच तेवढं जादा धरायचं.
बीड शेकडा एक, पोलाद दोन.
एकतीस वर्षं धरतोय, कधी चुकलो नाही.
रुपया बारा, हे कुठल्या पट्टीवर कोरलेलं नव्हतं.

माझा बाप गाडीची चाकं करायचा.
लाल तापलेली धाव चढवून वर पाणी मारलं
की ती आकसायची आणि चाक आवळून धरायची.
त्याला आकसणं कामाला यायचं.
मला त्या रात्री झोप आली नाही.
शालनला फोनवर सांगितलं, जेवलो, थंडी आहे.

नंतर बँकेच्या भिंतीतनं एकदाच काढले, अडीचशे.
पुन्हा तोच प्रश्न, तोच ₹.
नाही दाबताना
बोट जरा थांबलं, हे कबूल करतो.
ओळखीच्या माणसाला दारातनं परत लावावं तसं वाटलं.
पण कापले दोनच.

परत आल्यावर शिकलगार मॅडमनी विचारलं, उरले किती?
एकोणीस.
"परत घ्यायचे तर उलटा भाव लागेल. राहू द्या,
कार्ड अजून तीन वर्षं चालतंय.
नाही दाबलंत ना?"
म्हटलं, एकदा सोडून.
त्यांनी चष्मा काढला, पुसला,
आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

कार्ड आता कारखान्यात, माझ्या ड्रॉवरमध्ये,
त्या जादा इंचाच्या पट्टीशेजारी.
आत एकोणीस युरो
गार होत पडलेत.